मांजरांतील सांधेदाह व त्यावरील उपचार

मांजर हे शेतकऱ्याच्या घरातील बिनपगारी राखणदार होय. ते दूध देत नाही, औत ओढत नाही. म्हणून त्याच्या दुखण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कणगीभोवतीचे उंदीर वाढले म्हणजे मात्र त्याची आठवण होते. असे तरबेज मांजर एकाएकी माळ्यावर चढेनासे झाले, जपून पावले टाकू लागले, उचलताच गुरगुरू लागले, तर कोणी काठी मारली असावी असा तर्क केला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु आज एका पायाने लंगडणारे मांजर दोन दिवसांनी दुसऱ्या पायाने लंगडू लागले, अंग तापले, खाणे सुटले व पायांचे सांधे सुजले, तर मार लागला असे समजून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

शरीराचे रोगजंतूंपासून रक्षण करणारी प्रतिकारशक्ती काही वेळा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते व एकाच वेळी अनेक सांध्यांत दाह उत्पन्न होतो. कित्येकदा मूळ कारण सांध्यात नसतेच. जुनाट संसर्ग, आतड्यांचा विकार किंवा एखादी गाठ अन्यत्र दडलेली असते. या रोगाच्या एका प्रकारात हाडे झिजतात. तो प्रकार तरुण बोक्यांत अधिक दिसतो, त्याचा संबंध मांजरांच्या ल्यूकेमियाच्या विषाणूशी आढळतो व त्यात गुण कमी येतो. हाडे न झिजवणारा प्रकार औषधांना बराच दाद देतो.

येथे घरगुती उपायाचा मोठा धोका आहे. अंग दुखते म्हणून घरातील पॅरासिटॅमॉलची गोळी मांजरास दिली जाते. माणसाच्या यकृतात हे औषध ज्या क्रियेने निकामी होते, ती मांजराच्या यकृतात अतिशय क्षीण असते. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. हिरड्या तपकिरी वा निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. गोळी दिली गेलीच असेल, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच घटकेस दवाखाना गाठावा. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक याही गोळ्या वर्ज्य समजाव्यात.

पशुवैद्यक सांध्यातील द्रव बारीक सुईने काढून तपासतात. साध्या दवाखान्यात ही सोय नसल्यास मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संपर्क साधावा. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण जंतूंमुळे सांधा सुजला असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिल्यास रोग बळावतो. पिल्लांत विषाणुजन्य सर्दीबरोबर येणारा लंगडेपणा तर बहुधा काही दिवसांत आपोआप जातो.

संसर्ग नाही असे ठरल्यावर मुख्य औषध प्रेडनिसोलोन होय. प्रारंभी ते सामान्यतः वजनाच्या दर किलोस २ ते ४ मिलिग्रॅम दररोज देतात. मांजर काही दिवसांतच चालू लागते, आणि चूक होते ती नेमकी येथेच. बरे वाटले म्हणून औषध एकदम बंद केल्यास रोग उलटतो. शिवाय शरीरात स्वाभाविकपणे तयार होणारा त्याच जातीचा द्रव मंदावलेला असल्याने मांजर गळून जाते. मात्रा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पुन्हा तपासूनच कमी करावयाची असते. त्यास कित्येक महिने लागतात. मांजर फार पाणी पिऊ लागले व वारंवार मुतू लागले, तर मधुमेहाची शंका घ्यावी. एवढ्याने गुण न आल्यास पशुवैद्यक सायक्लोस्पोरिन किंवा क्लोरॅम्ब्युसिल यांची जोड देतात. कुत्र्यांना चालणारे अ‍ॅझाथायोप्रिन मांजराच्या अस्थिमज्जेस घातक आहे.

गोळी देणे हेही एक कसबच आहे. मांजरास जाड धडप्यात गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे, गोळी लोण्यात घोळून जिभेच्या मागे टाकावी व लागलीच सुई काढलेल्या पिचकारीने थोडे पाणी पाजावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. दोन-तीन दिवस मांजराने काहीच खाल्ले नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते. म्हणून मऊ, कोमट अन्न त्याच्या अंथरुणाजवळच ठेवावे आणि राखेची पाटीही जवळ, सहज चढता येईल अशा उथळ काठाची असावी.