मोठं काडतूस म्हणजे लांबचा नेम?

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकला. त्यानंतर नागपुरातल्या आमच्या बेसा-पिपळा भागातल्या फ्लॅटस्कीमांमध्येही रायफलीवर गप्पा सुरू झाल्या. पण बहुतेकांचं रायफलज्ञान मोबाइल गेम आणि सिनेमातून आलेलं असतं. त्यामुळे चर्चा पन्नास मीटरवर थांबत नाही, थेट दोन किलोमीटरवर जाते. ‘एवढ्या लांबून नेम साधायचा तर सगळ्यात मोठं काडतूस घ्यायचं, त्यात विचार काय करायचा?’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. विचार खूप करावा लागतो, आणि तो बऱ्याचदा उलट दिशेने जातो.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबल्यावर पुढे जाते ती फक्त गोळी. नळीतून बाहेर पडल्यावर तिला कोणी ढकलत नाही. पुढची सगळी वाटचाल ती हवेशी झगडत करते. म्हणून लांब पल्ल्यासाठी काडतूस निवडायचं म्हणजे आधी गोळी निवडायची, आणि मग ती नीट फेकणारी पुंगळी, दारू नि नळी शोधायची.

‘बोअर जितका मोठा, तितका पल्ला लांब’

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि हा त्याबद्दलचा सगळ्यात जुना गैरसमज. .308 विंचेस्टर हे अनेक वर्षांचं नावाजलेलं काडतूस. त्याची गोळी 7.8 मिलिमीटर व्यासाची, आणि स्पर्धेतली नेहमीची गोळी 175 ग्रेनची, म्हणजे सुमारे 11.3 ग्रॅमची. 2007 साली आलेल्या 6.5 क्रीडमूरची गोळी 6.7 मिलिमीटरची आणि 140 ग्रेनची, म्हणजे सुमारे 9 ग्रॅमची. दुसरी बारीकही आहे आणि हलकीही. तरी हजार मीटरच्या पुढे तीच सरस ठरते. कारण ती व्यासाच्या मानाने लांब आणि निमुळती आहे, त्यामुळे हवा तिला कमी अडवते. या गुणाला बॅलिस्टिक कोइफिशंट म्हणतात. लांब पल्ल्याचा नेमबाज काडतुसाच्या खोक्यावर बोअरनंतर हाच आकडा आधी पाहतो.

मोठ्या काडतुसांना काम नाही असा याचा अर्थ नाही. दीड-दोन किलोमीटरच्या पुढे .338 लापुआ मॅग्नम, .375 शायटॅक यांसारखी काडतुसंच लागतात. पण ती लांब, जड, निमुळती गोळी पुरेशा वेगाने फेकू शकतात म्हणून. व्यास मोठा आहे म्हणून नव्हे. .50 ब्राउनिंगचंच बघा. ते मुळात मशीनगनसाठी घडवलेलं काडतूस. त्याची साधी लष्करी गोळी गाड्या आणि यंत्रं फोडायला उत्तम, पण बारीक नेमाला ती कामाची नाही. त्यासाठी वेगळी, काटेकोर बनवलेली गोळी लागते.

‘7.62 म्हणजे 7.62, सगळं एकच’

आपल्या पोलिसांची एसएलआर 7.62ची, एके-47 सुद्धा 7.62ची आणि लष्कराची ड्रॅगुनोव्हही 7.62ची. पण पुंगळीची लांबी अनुक्रमे 51, 39 आणि 54 मिलिमीटर आहे, आणि घडणही वेगवेगळी आहे. एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. एके-47ची गोळी सुमारे 8 ग्रॅमची, सेकंदाला 715 मीटरने निघणारी; एसएलआरची साडेनऊ ग्रॅमची, 840 मीटरने निघणारी. बोअरच्या आकड्यावरून पल्ला सांगणाऱ्याला पुंगळीची लांबी विचारावी. गप्पा तिथेच संपतात.

‘गोळी सरळ जाते’

जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. दुर्बिणीतून दिसणारी रेषा सरळ असते आणि नळी तिच्या मानाने किंचित वर उचललेली असते, म्हणून मध्येच गोळी ‘वर चढते’ असा भास होतो. 300 ग्रेनची .338 लापुआ गोळी सेकंदाला 830 मीटर वेगाने सुटली, तरी दीड किलोमीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून पंचवीस-तीस मीटर खाली आलेली असते. पण गुरुत्वाकर्षण दररोज सारखंच असतं. अंतर नीट मोजलं की हा हिशोब कागदावर बसतो.

‘वेगाची गोळी वाऱ्याला भीत नाही’

खरी डोकेदुखी इथे आहे. वारा गोळीला किती सरकवेल हे ती किती वेळ हवेत होती यावर ठरतं, असं सगळे धरून चालतात. खरं तर ते गोळीला हवेमुळे किती उशीर झाला यावर ठरतं. समजा, गोळी 800 मीटरच्या वेगाने निघाली. हवाच नसती तर हजार मीटर तिने 1.25 सेकंदांत कापले असते. प्रत्यक्षात 1.65 सेकंद लागले. उशीर झाला 0.4 सेकंदाचा. आडवा वारा सेकंदाला 4 मीटरचा असेल तर 4 गुणिले 0.4, म्हणजे गोळी 1.6 मीटर बाजूला जाईल. म्हणूनच सुरुवातीला सुसाट निघणारी पण हलकी, बुटकी गोळी लांबवर मार खाते. वेग ती लवकर गमावते आणि उशीर वाढत जातो.

पृथ्वीच्या फिरण्याने गोळी वळते, हा सिनेमावाल्यांचा आवडता मुद्दा. तो खोटा नाही. नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे 21 अंशांवर, वरची .338 गोळी दीड किलोमीटरला त्यामुळे सुमारे दहा सेंटीमीटर उजवीकडे जाते. पण त्याच अंतरावर वाऱ्याचा अंदाज सेकंदाला केवळ एक मीटरने चुकला तर चूक ऐंशी सेंटीमीटरच्या घरात जाते. वारा वाचायला न शिकता पृथ्वीचा हिशोब करण्यात काही अर्थ नाही.

‘आवाजाचा वेग ओलांडला की काम झालं’

ओलांडणं सोपं आहे. परत खाली येणं अवघड. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरतो तेव्हा तिच्यावरचा हवेचा दाब जागा बदलतो आणि बऱ्याच गोळ्या डगमगू लागतात. .308ची ती 175 ग्रेनची गोळी साधारण नऊशे ते हजार मीटरच्या आसपास या टप्प्यात येते. लांब पल्ल्याचं काडतूस ठरवताना पहिला प्रश्न हाच असतो: लक्ष्यापर्यंत गोळी आवाजापेक्षा वेगवान राहील का? कुसाळेच्या प्रकारात हा प्रश्न उलटा सोडवतात. 50 मीटरसाठी .22 लाँग रायफलचं स्पर्धेचं काडतूस मुद्दाम आवाजापेक्षा कमी वेगाचं, सेकंदाला साधारण 325-330 मीटरचं ठेवतात, म्हणजे तो डगमगीचा टप्पा येतच नाही. ऑलिंपिक पदक जिंकून देणारं काडतूस हळू असतं, हे पुष्कळांना पटत नाही.

‘दमट हवा जड असते’

श्रावणात अंगाला चिकटणारी हवा जड वाटते खरी, पण पाण्याची वाफ हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. दमट हवा गोळीला उलट किंचित कमी अडवते, आणि हा फरक नगण्य असतो. तापमानाचा मात्र मोठा. नागपुरात मे महिन्यात 45 अंशांना हवा जितकी दाट असते, त्यापेक्षा जानेवारीत 10 अंशांच्या पहाटे ती बारा-तेरा टक्क्यांनी अधिक दाट असते. आवाजाचा वेगही उन्हाळ्यात सेकंदाला 357 मीटर आणि थंडीत 337. शिवाय तापलेली दारू जास्त जोराने जळते, नळीतला दाब वाढतो. उन्हात ठेवलेल्या काडतुसावर थंडीतला तक्ता लावणाऱ्याचा नेम चुकणारच.

इथेच काडतूस निवडीचा असा एक निकष येतो, जो जाहिरातीत कधी दिसत नाही: सातत्य. एका खोक्यातल्या दोन काडतुसांच्या वेगात 10 मीटरचा फरक असेल, तर दीड किलोमीटरवर .338च्या गोळ्या वर-खाली सुमारे सत्तर सेंटीमीटरने चुकतात. जगातली सर्वोत्तम दुर्बीण हे भरून काढत नाही. माझं मत विचाराल तर सरासरी बोअरचं पण एकसारखं भरलेलं काडतूस, नामांकित पण बेभरवशाच्या काडतुसापेक्षा केव्हाही बरं.

नळीची चक्री हाही भाग आहे. लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीतल्या पेचांनी ती अधिक वेगाने फिरवावी लागते. जुन्या नळीत नवी जड गोळी घालून उपयोग नाही.

‘परवाना मिळाला की हवं ते काडतूस’

भारतात काडतूस पुष्कळदा कायदाच निवडतो. शस्त्र नियम 2016 नुसार .303 आणि 7.62 च्या, तसंच त्यांचं लष्करी काडतूस चालू शकेल अशा रायफली प्रतिबंधित वर्गात येतात. परवानाधारकांच्या हातात .315 दिसते ती याच धोरणामुळे. इंग्रजांच्या काळापासून नागरिकाच्या रायफलीत लष्कराची गोळी चालू नये हा हेतू राहिला आहे. या .315चं काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतं. हा कारखाना 1869 पासूनचा, आणि त्याची ‘केएफ’ ही खूण पुंगळीच्या बुडावर असते. या काडतुसाची गोळी जाड, बोथट नाकाची. ती जवळच्या अंतराची आहे, लांब पल्ल्याची नव्हे.

दीड-दोन किलोमीटरचा नेम आपल्याकडे लष्कराचं काम आहे. 2019 मध्ये उत्तर कमांडने नियंत्रण रेषेसाठी बेरेटाची .338 स्कॉर्पिओ आणि .50ची बॅरेट एम-95 घेतली. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत सर्वांत लांब अंतर 300 मीटर आहे, आणि तिथेही 8 मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर चालत नाही.

‘गावाबाहेर मोकळं शेत आहे, एखादी गोळी झाडून पाहिली तर काय बिघडलं,’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. 7.62ची गोळी साडेतीन किलोमीटरहून लांब जाऊन पडू शकते, आणि .338 किंवा .50ची सहा किलोमीटरच्या पुढे. बेसा ते नागपूर विमानतळ हे हवाई अंतरही त्याहून जास्त नाही. मध्ये मोकळी जागा शोधून सापडत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

ज्याला खरंच हे शिकायचं आहे त्याने 10 मीटरच्या एअर रायफलीने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या 4.5 मिलिमीटर एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि श्वास, घोडा नि डोळा यांची सगळी शिस्त तिथेच घडते.