चार सेंटिमीटरचा अधिकारी

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्तींना आमच्याकडे 'चित्रं'च म्हणतात. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण आणि तिच्या शेजारी खाकी गणवेशातला बंदूकधारी शिपाई. शिवकाळात खाकी कुठली, हा प्रश्न बदलापूरच्या आमच्या अंगणात कधी कुणाला पडला नाही. गेल्या दिवाळीत नातवाने आमच्या मातीच्या मलंगगडावर एक नवं चित्र उभं केलं. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला, दुसऱ्या महायुद्धातल्या हवाईदल अधिकाऱ्याचा प्लास्टिकचा पुतळा. उंची जेमतेम चार सेंटिमीटर, गणवेश निळसर करडा. पाकिटावर नाव नव्हतं. "आजोबा, हा कोण?" असं त्याने विचारलं आणि मी शोधाला लागलो.

हात-पाय हलणारा, डोकं फिरणारा हा पुतळा डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७८ साली बाजारात आणला. आधुनिक युद्धाची खेळणी करायची नाहीत, हे या कंपनीचं जुनं धोरण. पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल विमान तिने विकलं. पण २०२० मध्ये 'ऑस्प्रे' या लष्करी विमानाचा तयार संच ऐन वेळी मागे घेतला. तिने मोकळी सोडलेली ही जागा इतरांनी भरली. पोलंडच्या कोबीसारख्या कंपन्या महायुद्धातली विमानं आणि त्यांचे वैमानिक बनवतात. काही छोटे उद्योजक कोऱ्या पुतळ्यांवर गणवेश छापून संग्राहकांना विकतात, आणि त्यांच्या स्वस्त नकला आपल्या बाजारात येतात.

आमच्या पुतळ्याच्या छातीवर टाय होता, पदकांच्या फिती होत्या, डाव्या बाजूला वैमानिकाचे पंख होते. हात मात्र कोरे. याचं कारण छपाईत आहे. मऊ सिलिकॉनच्या ठशाने सपाट छातीवर रंग सहज उमटतो. गोल, फिरत्या हातावर तेच काम महाग पडतं. पण हवाईदलाच्या निळ्या कोटावर हुद्दा असतो तो नेमका मनगटाशी. ब्रिटिश हवाईदलाची ही पद्धत आपल्या हवाईदलानेही घेतली. एक रुंद पट्टा म्हणजे एअर कमोडोर. त्यावर एक अरुंद पट्टा आला की एअर व्हाइस मार्शल, दोन आले की एअर मार्शल, तीन आले की एअर चीफ मार्शल. हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ या काळात हवाईदलप्रमुख होते. काश्मीरच्या १९४७-४८च्या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं होतं. त्यांचा पुतळा करायचा तर रुंद पट्ट्यावर तीन अरुंद पट्टे हवेतच. ते गाळले की उरतो नुसता टाय लावलेला माणूस.

रंगाचीही गोष्ट आहे. निळा कोट थंड हवेचा. भारतात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हवाईदलाचे लोक खाकी सुती कपडे घालत. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांनी एक नंबरच्या स्क्वॉड्रनचं नेतृत्व केलं, ते याच हवामानात. म्हणजे आमच्याकडच्या युद्धाला शोभणारा रंग निळा नाही, तर किल्ल्यावरच्या त्या जुन्या मातीच्या शिपायाचाच.

'आमच्याकडचं युद्ध' हे मी उगाच म्हणत नाही. आजचं उल्हासनगर म्हणजे त्या युद्धातली कल्याणची लष्करी छावणी: पाच कॅम्प, २,१२६ बराकी. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्याच युद्धासाठी अंबरनाथ-बदलापूरच्या जवळ नेवाळीच्या माळावर ब्रिटिशांनी विमानांची धावपट्टी बांधली. आजूबाजूच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन त्यात गेली. ती युद्धापुरती घेतली होती, आता परत द्या, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. पुढे ताबा नौदलाकडे राहिला. कुंपणाच्या भिंतीवरून २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटलं, वाहनं जळली, पोलीस आणि गावकरी जखमी झाले.

माझ्या शोधातून पुतळ्याचं नाव काही निघालं नाही. अशा खेळण्यात गणवेश येतो, पंख येतात. त्या पंखांना उडायला ज्यांची शेतं गेली ते येत नाहीत. त्यांचं चित्र कुणी बनवत नाही, कारण ते मागणारा संग्राहक नसतो.

यंदा नातवाने मलंगगडाच्या पायथ्याशी नेवाळीची धावपट्टी करायची ठरवली. जागा आखून दिली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, तिथे आपण दरवर्षी हळीव पेरतो. "मग शेत कुठे करायचं, आजोबा?" त्याने विचारलं. धावपट्टी निम्मी केली आणि उरलेल्या मातीत हळीव पेरला. त्याच्या कडेला मातीचा एक शेतकरी ठेवला आहे. तो आम्हाला घरीच करावा लागला.