मुंबईस कोणत्या वाटेने जावे?

फोंडाघाटच्या कुटुंबास मुंबईस जावयाचे असले, म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कणकवलीस जाऊन कोकण रेल्वेची गाडी धरावी; दुसरा म्हणतो, घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूर गाठावे. अशा निवडीचे गणित मांडल्याबद्दल अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. लोक प्रत्यक्ष काय निवडतात ते पाहून भाडे, वेळ व दगदग यांचे वजन काढावयाचे, ही त्यांची रीत. सॅन फ्रान्सिस्कोकडील नव्या आगगाडीने कामावर जाणारे शेकडा १५ जातील, असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांनी ६.३ सांगितले आणि निघाले ६.२! गाडीत बसण्याच्या घटकेपेक्षा वाट पाहण्याची घटका माणसास जड जाते, असेही अशा गणितांत वारंवार आढळले आहे.

आमच्या घरांतून मात्र हिशेब होतो तो भाड्याचा, आणि तोही कर्त्या पुरुषाकडून. कडेवर मूल घेऊन फलाटावर तिष्ठणाऱ्या सुनेची, जिना न चढवणाऱ्या आजींची घटका कोण मोजतो? तिकिटे काढण्यापूर्वी त्यांस एकवार विचारावे, एवढेच आमचे वाचकांस मागणे आहे.