फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल वाहनातील वंगणतेले

फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल वाहनात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढील व मागील डिफरन्शियल यांना वंगण लागते. प्रत्येक भागातील तापमान व दाब भिन्न असल्याने एकच तेल सर्वत्र चालत नाही.

इंजिन तेल

डिझेलच्या ज्वलनातून निर्माण होणारी काजळी साचू न देणारी द्रव्ये या तेलात मिसळलेली असतात. एसएई १५डब्ल्यू-४० या श्रेणीत '१५डब्ल्यू' थंडीतील, तर '४०' हा अंक १०० अंश सेल्सियसला असलेली श्यानता (घट्टपणा) दर्शवतो. धुरातील कण अडवणारी गाळणी (डीपीएफ) असलेल्या वाहनांना कमी राखेचे तेल आवश्यक असते. कारण गाळणीतील काजळी जाळता येते, राख मात्र तशीच साचत जाते.

गिअर तेल

डिफरन्शियलमधील हायपॉइड दंतचक्रांचे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरतात. त्यांच्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणातील जीएल-५ तेल वापरतात. त्यातील गंधक व स्फुरदयुक्त द्रव्ये पोलादावर संरक्षक थर तयार करतात. हीच द्रव्ये अधिक प्रमाणात असल्यास मॅन्युअल गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर कड्यांना अपाय होऊ शकतो. म्हणून अशा अनेक गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल सुचवलेले असते. जीएल-५ ही जीएल-४ ची सुधारित आवृत्ती नव्हे.

गिअर तेलाची श्यानता वेगळ्या मोजपट्टीवर मोजतात. एसएई ९० गिअर तेल साधारणपणे एसएई ४० ते ५० इंजिन तेलाइतकेच घट्ट असते. त्यामुळे केवळ अंक पाहून तेल न निवडता उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या भागासाठी दिलेली श्रेणी व वर्ग दोन्ही जुळवणे आवश्यक ठरते.