विकतच्या यीस्टशिवाय वाईन

वाईन प्यावी की नाही, हा आजचा विषय नाही. दारूने मोडलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आज आपण बघू या की एका शेतकरी कुटुंबाने औषधं सोडल्यावर कामाचं काय झालं.

फ्रान्समध्ये बोजोले नावाचा द्राक्षांचा भाग आहे. तिथल्या मॉर्गाँमध्ये मार्सेल लापिएर यांनी १९७३ साली घरची द्राक्षबाग हाती घेतली. पुढे ज्यूल शोवे या अभ्यासू वाईन व्यापाऱ्याच्या विचारांनी त्यांनी रासायनिक फवारणी आणि विकतचं यीस्ट बंद केलं. २०१० साली मार्सेल वारले. आता मुलगा मातिय आणि मुलगी कामी बाग सांभाळतात.

विकतच्या यीस्टशिवाय वाईन होते कशी? इडलीचं पीठ आपण रात्री झाकून ठेवतो आणि सकाळी ते फुगतं. त्यात आपण यीस्ट घालत नाही, काम करणारे सूक्ष्म जीव डाळ-तांदळातच असतात. तसंच द्राक्षाच्या सालीवर आणि वाईनच्या तळघरात यीस्ट असतं. ते साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. कडक फवारणीने हे यीस्ट कमी होतं, मग विकतचं आणावं लागतं.

वाईन बिघडू नये म्हणून तिच्यात गंधक घालतात. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, हे आपल्या नाशिक-सांगलीच्या बायकांना माहीत आहे. लापिएर कुटुंब काही बाटल्यांत थोडं गंधक घालतं, काहींत अजिबात नाही. बिनगंधकाची बाटली थंड जागीच ठेवावी लागते.

गंधक नाही, म्हणजे चुकीला माफी नाही. लोणच्याच्या बरणीत एक ओला चमचा गेला की काय होतं, ते आपण जाणतो. म्हणून तिथे घड हाताने तोडतात, सडका मणी वेचून टाकतात आणि भांडी लख्ख ठेवतात. माल बिघडला, तर वर्षाची कमाई जाते.

आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हेच. औषध कमी झालं की हातांचं काम वाढतं. आपल्याकडे निवडणं, वेचणं, धुणं हे काम बहुतेक बायकाच करतात आणि त्याची मजुरी कुणी लिहीत नाही. गटाचं लोणचं, पापड, मसाला ‘बिनरसायनाचा’ म्हणून विकताना तेलमिठाबरोबर हे तासही वहीत मांडा आणि मगच भाव ठरवा. नाहीतर गिऱ्हाइकाला शुद्ध माल मिळेल आणि आपल्याला फक्त पाठदुखी.