मांडी हीच सीट

माझी गाडी सात सीटर आहे, पण गणपतीच्या आदल्या दिवशी कुडाळ स्टेशनवर चाकरमानी उतरले की हा सातचा आकडा फक्त कागदावर उरतो. भाडं ठरवताना मोठी माणसं मोजायची, पोरं नाही. पोर आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर बसणार, हे ना कुणी विचारतं ना कुणी सांगतं.

हे आमच्या कोकणातल्या लोकांचं अडाणीपण आहे, असं मुंबई-पुण्याची मंडळी सुचवतात तेव्हा मला हसू येतं. मांडीला सीट मानायचं सरकारनेच तर शिकवलं. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल फुकट, पण त्याला वेगळा बर्थ नाही. चिपीला विमानाने उतरणाऱ्या मंडळींचं दोन वर्षांखालचं बाळही कायदेशीरपणे मांडीवरच असतं, फक्त त्याला एक जादा पट्टा देतात. ज्या पोराला कुठेच जागा दिलेली नाही, त्याने माझ्याच गाडीत वेगळी खुर्ची का मागावी?

कायदा मात्र मागतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि 194 ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. देशात ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली; आपल्या राज्याने वाढीव दंड 2021 च्या डिसेंबरात लावले. म्हणजे दंड आजीला नाही, मला. तरी कसाल-मालवण रस्त्यावर हेल्मेटसाठी अडवलेले पुष्कळ बघितले, मागच्या सीटवरच्या पोरासाठी थांबवलेला एकही ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही.

मागे इंग्लंडहून एक कुटुंब देवबागला आलं. तीन वर्षांचा मुलगा, आणि सामानात त्याची सीट. स्टेशनबाहेर ती बांधायला बराच वेळ गेला, कारण माझ्या सीट कव्हरखाली मागच्या पट्ट्यांची कुलपं गाडली गेली होती. घ्यायला आलेली आजी बाजूला उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवेना. म्हणाली, ‘‘नातू माझो, मांडी माझी. तुमची ही खुर्ची कित्याक होयी रे?’’ सून काही बोलली नाही, पट्टे ओढत राहिली. गाडी निघाल्यावर पोराचा बाप मला सांगू लागला की तिकडे बारा वर्षांपर्यंत किंवा 135 सेंटीमीटर उंची होईपर्यंत अशी सीट लागते; जर्मनीत तर 150 सेंटीमीटर. मग हळूच म्हणाला, ‘‘टॅक्सीला मात्र तिथेही सूट आहे.’’ योग्य सीट नसलेल्या टॅक्सीत मूल सीटशिवाय मागे बसू शकतं. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीलाही अशीच सूट आहे. मागून आजी म्हणाली, ‘‘आयकलंस?’’

त्या आजीचं म्हणणं जगात सगळीकडे म्हटलं गेलंय. मुलांच्या सीटचा पहिला कायदा अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने केला. डॉ. रॉबर्ट सँडर्स हे मुलांचे डॉक्टर त्यासाठी आमदारांच्या मागे लागले आणि 1978 पासून तो लागू झाला. पण आमदारांनी त्यात एक पळवाट घालून ठेवली: मूल कुणी हातात धरलं असेल तर सीट नको! मांडी तिथेही कायद्यात शिरली. सँडर्स चिडून त्या दुरुस्तीला पोर चिरडणारी दुरुस्ती म्हणायचे. ती काढून टाकायला 1981 उजाडलं. त्यानंतर चारेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. आता तिथे बाळंतपणासाठी गेलेल्या आज्या परत येऊन सांगतात, गाडीत सीट आहे का बघितल्याशिवाय इस्पितळातून बाळ घरी सोडत नाहीत. आज इकडच्या आज्या जे बोलतात, ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी टेनेसीतले आमदार बोलत होते.

सँडर्स चिडायचे ते हिशेबामुळे. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आपटून थांबते तेव्हा दहा किलोच्या बाळाचा ओढा त्या क्षणी तीनशे किलोच्या आसपास जातो. गोणीच्या गोणी पाठीवर वाहणारा गडीसुद्धा तेवढं दोन हातांत धरू शकणार नाही, मग आजीची माया कितीही असो. वेगाचा अंदाज हवा असेल तर दहा मीटर उंचीच्या माडावरून पडणारा नारळ खाली पोचेपर्यंत साधारण याच वेगात असतो. आणि मांडीवर धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर त्याचं वजनही पुढच्या पोरावर येतं.

स्वीडनने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. बर्टिल आल्डमन नावाच्या संशोधकाला अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर आडवे असतात हे दिसलं. सगळा जोर पाठ पेलते, मान वाचते. त्यावरून 1964 मध्ये व्होल्वोबरोबर मागे तोंड करून बसायच्या सीटचा नमुना तयार झाला. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. म्हणून तिथे चार वर्षांपर्यंत मुलं मागे तोंड करूनच बसतात. अशी सीट पुढे, एअरबॅगसमोर, कधीही लावायची नाही, हे मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो. फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

फिलिपिन्सचं उदाहरण आमच्या जवळचं. तिथे 2019 मध्ये कायदा झाला, 2021 च्या फेब्रुवारीत लागू व्हायची वेळ आली आणि लोक भडकले. कोरोनात हाताला काम नाही, सीट कुठून आणायची? सरकारने अंमलबजावणी पुढे ढकलली. इथेही चांगली सीट पाच-सात हजारांच्या पुढेच, आणि पोर वाढलं की दुसरी. शिवाय आंगणेवाडीच्या जत्रेला निघालेल्या गाडीत सीट लावली की एक मोठा माणूस कमी बसतो. त्याचं भाडं कोण देणार, हा प्रश्न कुठल्याच कलमात नाही.

आमचा कायदा पट्टा ‘किंवा’ सीट म्हणतो, तिथेही मला खटकतं. मोठ्यांचा पट्टा पाच वर्षांच्या पोराच्या छातीवर न बसता मानेवर येतो. इतकं असूनही मागच्या पट्ट्यांकडे लोकांचं लक्ष गेलं ते उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ, मागच्या सीटवर, पट्ट्याशिवाय. तो आठवडाभर गिऱ्हाइकं कव्हराखाली हात घालून कुलूप शोधत होती. पुढे सगळं पूर्ववत.

मला विचाराल तर आमच्या पोरांच्या जास्त कामाचा नियम वेगळाच आहे, कारण मालवणातलं पोर गाडीत कमी आणि स्कूटरवर जास्त असतं. बापाच्या पुढे, पाय ठेवायच्या जागेत उभं, आरसा धरून. 15 फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा सक्तीचा झाला. चार वर्षांपर्यंतचं मूल मागे बसलेलं असेल तर वेग चाळीसच्या आत. माझ्या मुलीने तिच्या लेकासाठी दोन्ही घेतलंय. हेल्मेट ऑनलाइन मागवावं लागलं, पट्टा दोन दप्तरांसारखा दिसतो, आणि शेजारची बाई अजून विचारते, पोराक असा बांधलंस कित्याक? चाळीसच्या मर्यादेवरून मात्र घरात वाद झाला नाही. चौके ते मालवण रस्त्यावर ती खड्डेच पाळून घेतात.