विश्लेषण : यकृतातला कृमी ओकतो काय? आणि ते गोळा कशासाठी करायचे?

येलदरी धरणाचे (ता. जिंतूर, जि. परभणी) पाणी उन्हाळ्यात मागे सरकते आणि ओल्या काठावर हिरवळ उगवते. चारा आटलेल्या दिवसांत गुरे तिकडेच वळतात. अशा पाणथळ गवतावर ‘फॅसिओला जायगँटिका’ या चपट्या कृमीचे सूक्ष्म कोष चिकटलेले असू शकतात. ते पाण्यातल्या गोगलगायींत वाढून बाहेर पडतात आणि चाऱ्याबरोबर गाई-म्हशींच्या पोटात जातात. मग दूध घटते, जनावर खंगते, जबड्याखाली सूज येते.

शेण तपासून का भागत नाही?

कृमी यकृत पोखरत पित्तनलिकेत पोहोचून अंडी घालू लागेपर्यंत तीन-चार महिने जातात. तोवर शेणात काहीच सापडत नाही. तपासणी ‘निगेटिव्ह’, पण आत यकृताची नासाडी सुरूच! ऑक्सिक्लोझानाइडसारखी औषधे मुख्यतः प्रौढ कृमींवर चालतात. कोवळ्यांसाठी ट्रायक्लाबेंडाझोल लागते. म्हणून लागण वेळेत कळायला हवी.

इथे कृमीचेच पाचक एन्झाइम उपयोगी पडते. या कृमीच्या आतड्याला दुसरे टोक नसते. पचवलेले तो तोंडावाटेच ओकतो. कत्तलखान्यातील यकृतांतून जिवंत कृमी काढून, धुऊन, सुमारे ३७ अंश सेल्सिअसच्या द्रावणात काही तास ठेवले की हा ऐवज त्यात उतरतो. तो गाळून, दाट करून, रेणूंच्या आकारानुसार प्रथिने वेगळी केली जातात. मुख्य एन्झाइम कोणते, हे ओळखण्याची पद्धत मजेशीर आहे. जिलेटिन मिसळलेल्या जेलला निळा रंग देतात. एन्झाइमने जिलेटिन खाल्ले तिथे पांढरा पट्टा उरतो.

हे एन्झाइम म्हणजे ‘कॅथेप्सिन एल’. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो, तिच्यातील पपेनच्याच कुळातले. त्याच्या जोरावर कृमी रक्तातील हिमोग्लोबिन पचवतो, शिवाय जनावराची प्रतिपिंडेही कापतो.

तरीही त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतातच आणि साधारण महिनाभरात रक्तात दिसू लागतात. उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी याच आधारे म्हशींमधील लागण लवकर ओळखण्याची रक्तचाचणी अभ्यासली.

एक अडचण उरते. औषधाने कृमी मेले तरी प्रतिपिंडे काही काळ रक्तात राहतात. त्यामुळे लागण जुनी की ताजी, हे केवळ या चाचणीवरून सांगता येत नाही. काठावरचे गवत कापून, उन्हात कडक वाळवून घातले तर कोष बहुतांशी मरतात.